दोन कवितांमधला 'पण': स्थलांतराच्या कवितांची तुलना लिहिताना

एका कवितेचे रसग्रहण आपल्याकडे शाळेत पक्के करून घेतात. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये, या तीन अंगांनी कविता उलगडायची सवय लागते आणि ती चांगलीच आहे. अडचण येते ती दोन कविता समोर ठेवून तुलना करायला सांगितली की. मग पहिल्या कवितेचे रसग्रहण होते, दुसरीचे होते, आणि मध्ये एक 'आणि' किंवा 'तसेच' येऊन बसतो. शेवटी 'अशा प्रकारे दोन्ही कविता मनाला भिडतात' म्हटले की लेख संपला. यात तुलना कुठेच नसते. तुलना करायची म्हणजे दोन गोष्टींचे नाते सांगायचे, आणि दोन वाक्यांमधले नाते सांगण्याचे काम मराठीत मुख्यतः उभयान्वयी अव्यये करतात. व्याकरणाच्या तासाला प्रकार पाठ करून सोडून दिलेली ही अव्यये तुलना लिहिताना खरी कामाला येतात.

ओळख आणि स्थलांतर या विषयावरच्या कवितांत हे जास्तच जाणवते. वरवर पाहिले तर या कविता एकसारख्या वाटतात. माणूस घरापासून दूर आहे, त्याला घर आठवते, तो तळमळतो. त्यामुळे 'दोन्ही कवींना घराची ओढ आहे' इथेच लिहिणाऱ्याची लेखणी थांबते. फरक असतो तो त्या ओढीच्या घडणीत, आणि तो पकडायला नेमका जोडशब्द, म्हणजे दोन वाक्ये जोडणारा शब्द, लागतो.

उदाहरणासाठी बहुतेकांच्या कानावरून गेलेल्या तीन कविता घेऊ. सावरकरांची 'सागरा प्राण तळमळला', १९०९ साली इंग्लंडात ब्रायटनच्या किनाऱ्यावर सुचलेली. अण्णाभाऊ साठे यांची 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड (शाहिरी गाण्याचा एक प्रकार), संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतली, म्हणजे १ मे १९६० च्या आधीची. आणि नारायण सुर्वे यांची 'माझे विद्यापीठ', १९६६ च्या त्याच नावाच्या संग्रहातली. एकीत परदेश आहे, दुसरीत गाव सोडून गाठलेली मुंबई, तिसरीत मुंबईतच घर नसलेला माणूस. मध्येच कुसुमाग्रजांची 'कणा' लागेल आणि शेवटी बहिणाबाईंची एक ओळ.

जोडशब्दाच्या आधी तुलनेचा आधार ठरवायचा असतो. कागद आडवा धरून चार रकाने आखा: आधार, पहिली कविता, दुसरी कविता, आणि चौथा रकाना तूर्त रिकामा. आधार प्रश्नाच्या रूपात लिहा. माणूस घराबाहेर का पडला? घर कसे दिसते? कवितेतला 'मी' कोणाशी बोलतो? परत जायचे आहे का? एकट्याचे दुःख कुठे अनेकांचे होते? मग मधल्या दोन रकान्यांत फक्त कवितेतले मूळ शब्द उतरवा. 'वेदना', 'व्याकुळता', 'ओढ' असले आपले शब्द तिथे अजिबात नकोत. आपला शब्द दोन्ही रकान्यांत सारखाच बसतो आणि जो फरक शोधायचा तोच पुसला जातो.

पहिला प्रश्न घेऊ: घराबाहेर का पडला? सावरकरांच्या रकान्यात सागराचे बोलणे येते, 'अन्य देशि चल जाऊ, सृष्टीची विविधता पाहू'. अण्णाभाऊंच्या रकान्यात येते, 'गरिबीने ताटातूट केली आम्हा दोघांची'. एका बाजूला बोलावणे, दुसऱ्या बाजूला ताटातूट. प्रश्न एकच, उत्तरे दोन, आणि दोन्ही उत्तरांचे वजन सारखे. आता चौथ्या रकान्यात शब्द येतो 'तर'.

सावरकरांच्या कवितेत निघण्यामागे सागराचे आमंत्रण आहे, तर अण्णाभाऊंच्या छक्कडीत निघण्यामागे गरिबी आहे.

'जर'शिवाय येणारा हा 'तर' तुलनेसाठी मराठीतला सर्वांत कामाचा शब्द आहे, असे माझे मत आहे. तो दोन बाजू समोरासमोर ठेवतो आणि निकाल देत नाही. वाक्याच्या दोन्ही बाजू उलटसुलट करून पाहा, अर्थ फारसा हलत नाही. हीच त्याची कसोटी. अलीकडे या जागी 'जेव्हा की' लिहिलेले दिसते. मराठीत त्याची गरज नाही. 'जेव्हा' ऐकला की वाचक वेळेची वाट पाहू लागतो आणि वाक्यात वेळ कुठेच नसते.

'पण' वेगळा वागतो. त्याच्या मागचे वाक्य हलके होते, पुढचे जड. 'सुर्व्यांच्या कवितेत घर नाही, पण जमीन आहे' यात जमीन जिंकते. 'जमीन आहे, पण घर नाही' यात घराचा अभाव उरतो. माहिती तीच आहे, सूर पार बदलला. म्हणून 'पण' लिहिण्याआधी पुढचे वाक्य कशाबद्दल आहे ते ठरलेले हवे. पुढचा मजकूर जमिनीबद्दल असेल तर जमीन 'पण'च्या नंतर यायला हवी. हे क्रम चुकणे फार सर्रास घडते. वाचकाला 'परिच्छेद भरकटला' एवढेच जाणवते, कुठे ते सांगता येत नाही.

'जरी–तरी'ला आणखी एक अट आहे, आणि ती 'कणा'मधल्या सुप्रसिद्ध ओळीत स्वच्छ दिसते: 'मोडून पडला संसार, तरी मोडला नाही कणा'. इथे 'पण' घातला तर दोन बातम्या शेजारी येतात. संसार मोडला, पण कणा मोडला नाही. 'तरी' त्याहून जास्त सांगतो. संसार मोडल्यावर माणूसही मोडायचा, अशी ऐकणाऱ्याची अपेक्षा असते आणि ती खोटी ठरली, एवढे सगळे त्या दोन अक्षरांत येते. म्हणजे पहिल्या भागाने काही अपेक्षा उभी केली असेल तरच 'तरी' वापरता येतो. 'सावरकर इंग्लंडात राहत होते, तरी त्यांना मायदेश आठवला' हे वाक्य म्हणून लंगडे आहे. परदेशात मायदेश आठवणारच, त्यात 'तरी' कशाला? 'समोर भव्य प्रासाद आहेत, तरी मन झोपडीकडे जाते' हे चालते, कारण प्रासादासमोर झोपडी विसरली जाईल असे कोणालाही वाटावे.

'जरी–तरी'तही वजन दुसऱ्या भागावर असते. ही दोन वाक्ये पाहा.

जरी 'माझी मैना' चळवळीतले गाणे असले, तरी त्याची सुरुवात एका नवरा-बायकोच्या ताटातुटीने होते.

जरी 'माझी मैना'ची सुरुवात एका नवरा-बायकोच्या ताटातुटीने होत असली, तरी ते चळवळीचे गाणे आहे.

दोन्ही वाक्ये खरी आहेत, निबंध मात्र दोन वेगळे होतील. पहिल्या वाक्यानंतर तुम्हाला घर, बायको, पहाटेचे निघणे यांवर लिहावे लागेल. दुसऱ्यानंतर बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव यांवर. पहिले वाक्य लिहून दुसऱ्याचा मजकूर देणे ही तुलनेतली नेहमीची गफलत.

आता 'मात्र'. व्याकरणात तो उभयान्वयी नाही, शुद्ध शब्दयोगी अव्ययांत धरतात. तरी तुलनेत तो हाताशी हवाच, कारण तो बोट नेमके एका शब्दावर ठेवतो. 'कणा'तच 'मोकळ्या हाती जाईल कशी, बायको मात्र वाचली' अशी ओळ आहे. 'मात्र' बायकोला चिकटून आहे, म्हणून तिच्याखेरीज बाकी सगळे गेले हे न सांगता कळते. तोच 'मात्र' शेवटी नेऊन 'बायको वाचली मात्र' म्हणून पाहा, वाक्य ढिले पडते. तुलनेतही तसेच. 'सावरकरांच्या कवितेत परतीची मागणी पहिल्याच ओळीत आहे. सुर्व्यांच्या कवितेत मात्र परतायला घरच नाही' इथे विरोध दोन कवितांत आहे. 'सुर्व्यांच्या कवितेत परतायला मात्र घर नाही' म्हटले तर परतण्याखेरीज दुसऱ्या कशासाठी तरी घर आहे की काय, असा भलताच अर्थ डोकावतो. ज्याचा वेगळेपणा दाखवायचा त्याच शब्दामागे 'मात्र' ठेवा. आणि 'पण सुर्वे मात्र' असे दोन्ही एकदम नकोत, एकाने काम होते.

'उलट' जपून वापरा. त्यासाठी एकाच रेषेची दोन टोके लागतात. घराची ओढ आणि घराचा तिटकारा, ही टोके झाली. घराची ओढ आणि घरच नसणे ही टोके नव्हेत. म्हणून सावरकर आणि सुर्वे यांच्यामध्ये 'याउलट' लिहिले तर सुर्व्यांच्या माणसाने घर नाकारले असा अर्थ निघतो, आणि तो कवितेवर अन्याय आहे. त्याला घर मिळालेच नव्हते.

'म्हणून' हा सर्वांत धोक्याचा शब्द, विशेषतः ओळखीच्या कवितांत. सुर्व्यांना एका गिरणी कामगाराने वाढवले हे बहुतेकांना ठाऊक असते. मग लिहिले जाते, 'सुर्वे अनाथ होते, म्हणून त्यांनी ना घर होते असे लिहिले.' यात कविता कुठे आहे? चरित्र कारण झाले, ओळ परिणाम झाली, आणि ती ओळ कशी बांधली आहे हे पाहायचे राहूनच गेले. शिवाय कवितेतला 'मी' आणि कवी हे दरवेळी एकच नसतात. छक्कडीत तर गाणारा शाहीर दुसऱ्याचीही व्यथा 'मी' म्हणून गातो. 'म्हणून'च्या दोन्ही बाजूंना कवितेतल्याच गोष्टी ठेवा:

पहिल्या ओळीत घर आणि गणगोत दोन्ही नाकारले जातात, म्हणून पुढे येणारी नगरपालिकेची फुटपाथ घराच्या जागी येऊन बसते.

'कारण'चेही तसेच. तुलनेत त्याचा खरा उपयोग पुरावा जोडण्यासाठी आहे. 'छक्कडीतली मैना एका माणसाची बायको एवढीच राहत नाही, कारण पुढे तीच गत झाली म्हणत कवी तिची ताटातूट खंडित महाराष्ट्राला लावतो.' विधान आधी, ओळ नंतर. आणि एकाच वाक्यात 'कारण… म्हणून' अशी जोडी लावू नका. दोन्ही एकच काम करतात. 'जरी… पण'ही चूकच. 'जरी' आला की त्याला 'तरी'च हवा.

'आणि', 'व', 'तसेच', 'शिवाय' यांच्याबद्दल थोडक्यात. शब्द जोडायला 'व' बरा, वाक्ये जोडायला 'आणि'. 'शिवाय' एकाच बाजूची भर घालतो, त्यामुळे एका कवितेवरून दुसरीवर जाताना तो उपयोगाचा नाही. 'तसेच' लिहायचा तर सारखेपणा खरोखर दाखवता आला पाहिजे.

इथवर आपल्या वाक्यांतले जोडशब्द पाहिले. पण ज्या कवितांची तुलना करायची त्यांच्या आतही जोडशब्द असतात, आणि मला वाटते तुलनेची सर्वांत भक्कम सुरुवात तिथूनच करता येते. पेन्सिल घ्या आणि दोन्ही कवितांतल्या प्रत्येक जोडशब्दाभोवती गोल करा. सावरकरांच्या कवितेत 'परि' पुन्हा पुन्हा सापडेल. 'नभि नक्षत्रे बहुत, एक परि प्यारा मज भरतभूमिचा तारा.' 'प्रासाद इथे भव्य, परी मज भारी आईची झोपडी प्यारी.' त्याआधी, आईचे मन विरहाच्या शंकेने भरले, 'परि तुवा वचन तिज दिधले'. प्रत्येक 'परि'च्या अलीकडे एक खरी गोष्ट आहे. नक्षत्रे खरोखर पुष्कळ आहेत, प्रासाद खरोखर भव्य आहे. कवी परदेश नाकारत नाही, मान्य करतो आणि मग दुसरीकडे वळतो. ही कविता परदेशाच्या द्वेषाची नाही हे सिद्ध करायला एवढे एक अव्यय पुरते.

याच कवितेत दोन जागी अडखळायला होते. 'शुक पंजरि वा हरिण शिरावा पाशी' यातला 'वा' निवड करायला सांगत नाही. पोपट पिंजऱ्यात असो की हरिण फाशात, फसगत तीच. दुसरी जागा 'जरि उद्धरणी व्यय न तिच्या हो साचा, हा व्यर्थ भार विद्येचा'. इथला 'जरि' म्हणजे आजचा 'जर'. विद्या मातृभूमीच्या उद्धारासाठी खर्ची पडली नाही, तर ती व्यर्थ ओझे आहे, असा अर्थ. आजच्या सवयीने तो 'जरी' म्हणून वाचला की ओळीचा अर्थ उलटतो आणि त्यावर उभी केलेली तुलना कोसळते. जुनी कविता हातात असेल तेव्हा 'जरि', 'की', 'परि' हे शब्द कोणत्या अर्थाने आले आहेत ते आधी तपासून घ्या.

'माझे विद्यापीठ' मात्र 'ना घर होते, ना गणगोत' अशी उघडते. 'ना–ना' ही जोडी एकेक गोष्ट पुसत जाते. आता दोन्ही शेजारी ठेवा. 'परि'ला तोलायला दोन गोष्टी लागतात, इथला प्रासाद आणि तिथली झोपडी. 'ना–ना'नंतर तोलायला काही उरत नाही. एका कवितेत ओळख हरवलेली नाही, फक्त दूर आहे. दुसरीत ती अजून घडायची आहे. दोन कवितांमधला एवढा मोठा फरक चार-सहा अक्षरांच्या अव्ययांत उभा आहे, आणि बहुतेक रसग्रहणे तिथे थांबतही नाहीत, याचे मला मनापासून वाईट वाटते.

हे सगळे धरून एक परिच्छेद लिहू. आधार एकच, घर.

'घराच्या प्रश्नावर दोन्ही कविता एकाच जागेवरून निघतात: बोलणारा माणूस घरात नाही. सावरकरांचा मी प्रासाद आणि झोपडी दोन्ही पाहतो, तर सुर्व्यांच्या मीपुढे पाहायला दोहोंपैकी काहीच नाही. सावरकरांची झोपडी जरी समुद्रापलीकडे असली, तरी ती आईची आहे हे ठरलेले आहे, म्हणून तिथे प्रश्न उरतो तो अंतराचा. सुर्व्यांच्या कवितेत मात्र अंतर मोजता येत नाही, कारण ना घर होते, ना गणगोत या पहिल्याच शब्दांत मोजायचे दुसरे टोक नाहीसे होते. त्याच्याकडे आहे ती पायाखालची जमीन; ओळख उभी राहायची ती तिच्यावरच.'

पहिले वाक्य सारखेपणाचे आहे. ते नसेल तर पुढचा फरक कशाच्या तुलनेत आहे ते कळत नाही. मग 'तर'ने दोन बाजू समोर आल्या, 'जरी–तरी'ने एक बाजू खोल गेली, 'म्हणून'ने त्यावरून निष्कर्ष काढला, 'मात्र'ने दुसऱ्या कवितेकडे वळवले, 'कारण'ने पुरावा दिला. शेवटच्या वाक्यात जोडशब्द नाही, अर्धविराम आहे. नाते स्पष्ट असेल तिथे अर्धविराम पुरतो. प्रत्येक वाक्याला अव्यय लावले की परिच्छेद व्याकरणाच्या स्वाध्यायासारखा वाटू लागतो. साधारण दोनशे शब्दांच्या उत्तरात दोन आधार नीट होतात, तीन केले की प्रत्येक ठिकाणी पुरावा कमी पडतो.

लिहून झाल्यावर तपासायची एक पद्धत आहे. परिच्छेदातले सगळे जोडशब्द झाका आणि वाक्ये नुसती वाचा. जिथे नाते तरीही कळते तिथला शब्द काढून टाका. जिथे नाते अजिबात कळत नाही तिथे दोषी शब्द नसतो, आधार चुकलेला असतो. मग रकान्यांच्या कागदाकडे परत जावे लागते. शब्द बदलून ते दुरुस्त होत नाही.

काही ओळींत जोडशब्द नसतोच, नाते प्रत्ययात किंवा शब्दयोगी अव्ययात दडलेले असते. बहिणाबाईंची 'लेकीच्या माहेरासाठी माय सासरी नांदते' ही ओळ पाहा. लग्न होऊन सासरी जाणे हे आपल्याकडचे सर्वांत मोठे आणि सर्वांत कमी मोजलेले स्थलांतर. आसोद्याहून जळगावला सासरी आलेल्या बहिणाबाईंनी ते एका ओळीत धरले आहे. इथे 'म्हणून' नाही, 'कारण' नाही, फक्त 'साठी' हे शब्दयोगी अव्यय आहे. तिकडे अण्णाभाऊंच्या ओळीत 'गरिबीने' यातला 'ने' हा विभक्तीचा प्रत्यय आहे. गोल करत गेलात तर या दोन्ही ओळी निसटतील, म्हणून पेन्सिलीची दुसरी फेरी 'ने', 'मुळे', 'साठी', 'वाचून', 'विना' यांच्यासाठी करा. त्या फेरीतून असे वाक्य हाती लागते: अण्णाभाऊंच्या ओळीत दुरावा गरिबीने लादलेला आहे, तर बहिणाबाईंच्या ओळीत तोच दुरावा एका बाईने लेकीसाठी स्वीकारलेला आहे. आणि इथून पुढे 'जरी–तरी' लावायचे की 'मात्र', हे तुम्ही कोणत्या बाईबद्दल लिहिणार आहात त्यावर ठरेल, गावावर राहिलेल्या मैनेबद्दल की सासरी नांदणाऱ्या मायबद्दल.